विशीतला तो, ऐंशीची ती आणि मयतातलं हसू

मुलुंडला आमच्या इमारतीतल्या एका आजोबांचा दहावा होता. पिंड ठेवून अर्धा तास झाला तरी कावळा शिवेना. कठड्यावर चार कावळे बसले होते. एक मान वाकडी करून भाताकडे बघत होता, बाकीच्यांना तेवढीही उत्सुकता नव्हती. गुरुजी म्हणाले, "कुणाला काही बोलायचं असेल तर बोला. जीव कशात तरी अडकलाय." मुलगा हात जोडून म्हणाला, "अण्णा, आईला काही कमी पडू देणार नाही." कावळा ढिम्म. मुलगी म्हणाली, "गावच्या घराची कौलं पावसाआधी परतून घेतो." काहीच नाही. मग मागून नातवाचा आवाज आला, "आजोबा, सोसायटीच्या सेक्रेटरीला यंदा पाडतो!" पहिला कावळा झपकन खाली आला आणि पिंडाला चोच लावून गेला.

आधी कुणीतरी खोकल्याचं निमित्त केलं. मग सगळेच फुटले. सर्वांत जास्त हसल्या त्या आजोबांच्या मागे राहिलेल्या आजी, तोंडाला पदर लावून. पाच मिनिटं हसल्या आणि मग तितकाच वेळ रडल्या.

परतताना जो तो थोडा ओशाळला होता. दुःख तर खरं होतं, मग हसू आलं कुठून?

हा प्रश्न डोक्यात घोळत असतानाच मी १९७१ सालचा 'हॅरॉल्ड अँड मॉड' हा अमेरिकन चित्रपट पुन्हा पाहिला. दिग्दर्शक हॅल अ‍ॅशबी. गोष्ट अशी : श्रीमंत घरातला विशीतला हॅरॉल्ड अनोळखी माणसांच्या अंत्यविधींना हजेरी लावतो. तिथे त्याला मॉड भेटते. तिलाही तोच छंद, आणि ती ऐंशीला टेकलेली. दोघं प्रेमात पडतात. ज्या दोन विषयांवर आपल्याकडे आवाज खाली करून बोलतात, म्हणजे मरण आणि विजोड प्रेम, ते दोन्ही इथे एकाच ताटात वाढलेले. तरीही माणूस हसतो, आणि शेवटी कावळ्याच्या गोष्टीतल्या आजींसारखा रडतो. ही करामत कशी साधते, तेच या लेखात उलगडून पाहू.

चुकलं, पण चालतं

मृत्यू, आजारपण, अपघात अशा गंभीर गोष्टींवर बेतलेल्या विनोदाला 'ब्लॅक कॉमेडी' किंवा 'डार्क कॉमेडी' म्हणतात. 'काळा विनोद' हे नाव रूढ केलं ते आंद्रे ब्रेताँ या फ्रेंच लेखकानं, १९४०च्या आपल्या संकलनातून. पण नाव मिळायच्या कितीतरी आधीपासून तो आपल्या तेराव्याच्या पंगतीत जेवून गेलेला आहे.

असं हसू येतं कसं, याचं एक सोपं स्पष्टीकरण पीटर मॅकग्रॉ आणि केलब वॉरन या अमेरिकन अभ्यासकांनी २०१० साली मांडलं. त्यांच्या म्हणण्याचं सार मराठीत दोन शब्दांच्या जोडीत बसतं : 'चुकलं' आणि 'चालतं'. काहीतरी रीत मोडली पाहिजे, आणि त्याच क्षणी त्यात धोका नाही असंही वाटलं पाहिजे. दोन्ही एकदम घडलं की हसू फुटतं. एकच घडलं तर नाही.

गुदगुल्यांचं उदाहरण घ्या. स्वतःला गुदगुल्या करून बघा, हसू येत नाही, कारण कुणी रीत मोडलेलीच नसते. लोकलच्या गर्दीत अनोळखी माणसानं केल्या तर किंचाळाल, कारण तिथे धोका आहे. मावशीनं केल्या तर हसून मुरकुंडी वळते. हल्ला आहे, पण मावशीचा आहे.

दहाव्याला नेमकं हेच झालं. पिंडासमोर सोसायटीचं राजकारण आणणं म्हणजे रीत मोडणं. पण बोलणारा लाडका नातू, आजोबांचं सेक्रेटरीशी असलेलं वैर सगळ्यांना ठाऊक, आणि कावळ्यानंही संमती दिलेली. चुकलं, पण चाललं. हेच वाक्य त्या सेक्रेटरीनं म्हटलं असतं तर स्मशानात मारामारी झाली असती.

म्हणून काळ्या विनोदात लेखकाचं पहिलं काम अंतर बेतण्याचं असतं. मरणाच्या फार जवळ नेलं तर प्रेक्षक घाबरतो, फार लांब ठेवलं तर जांभई देतो. मराठी रंगभूमीवर हे अंतर सतीश आळेकरांनी 'महानिर्वाण'मध्ये (१९७४) अचूक बेतलं. त्यात मेलेला माणूस उठून स्वतःच्याच मरणाचं कीर्तन करतो. त्याचा हट्ट काय, तर जाळायचं तर जुन्याच स्मशानात, नव्या विजेच्या दाहिनीत नाही. प्रेत समोर आहे, पण कीर्तनाच्या ओळखीच्या चालीत ते बोलतंय. या चालीनं आवश्यक ते अंतर तयार केलं.

भरतमुनींचं गणित

प्रेमाच्या गोष्टीत हसू कुठून शिरतं, याचं उत्तर तर आपल्या घरातच आहे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात म्हटलं आहे की हास्यरस शृंगारातून उपजतो. शृंगाराची नक्कल झाली, तो चुकीच्या जागी किंवा चुकीच्या वेशात अवतरला, की त्याचं हास्य होतं. पुढच्या शास्त्रकारांनी याला 'रसाभास' असा शब्द वापरला. म्हणजे रस असल्यासारखा दिसतो, पण खरा नसतो. नाटकवेडे आजोबा आरशासमोर नवरदेवाचा फेटा बांधून उभे राहिले की घरातली पोरं हसतात, ते यामुळे.

याच परंपरेत हास्य आणि करुण हे एकमेकांचे वैरी रस मानलेले आहेत. एक आला की दुसऱ्यानं काढता पाय घ्यायचा. काळा विनोद नेमका हा नियम मोडतो. तो दोन वैऱ्यांना लोकलमधल्या चौथ्या सीटवर चिकटून बसवतो आणि ठाण्यापर्यंत प्रवास करायला लावतो.

आता प्रश्न उरतो तो असा : वयात मोठं अंतर असलेलं प्रेम पाहताना आपण कधी हसतो, कधी चिडतो, कधी हळवे होतो. अंतर तेच, मग परिणाम वेगळा का? माझं उत्तर असं की आपण वयाला हसतच नाही. आपण सोंगाला हसतो. कोण सोंग करतंय आणि ते कुणाच्या जिवावर, यावर सगळं ठरतं. हे ताडून पाहायला आपल्याकडे सव्वाशे वर्षांचा पुरावा आहे.

शारदा : सोंग म्हाताऱ्याचं, हसू मुलींचं

गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आलं. पंचाहत्तरीचे श्रीमंत भुजंगनाथ, पैशाच्या लोभानं कोवळी मुलगी विकायला निघालेला बाप कांचनभट, मधला दलाल भद्रेश्वर दीक्षित आणि हे लग्न मोडायला उभा राहणारा तरुण कोदंड. विषय अंगावर काटा आणणारा. तरी हे नाटक पाहताना प्रेक्षागृह हसायचं, आजही हसतं.

देवलांनी ही किमया कशी केली, ते नीट पाहिलं पाहिजे. त्यांनी भुजंगनाथाची टिंगल करायचं काम शारदेच्या मैत्रिणींना दिलं. ज्या मुलींना घरात कुणी विचारत नाही, ज्यांचं स्वतःचं लग्न उद्या असंच ठरू शकतं, त्या या घोड्यावर बसायला निघालेल्या म्हाताऱ्याच्या वयाचा हिशेब गाण्यात मांडतात. त्यामुळे हसू वरच्या दिशेनं जातं, दुबळ्याकडून सबळाकडे. हीच थट्टा भुजंगनाथाच्या तोंडून शारदेच्या लहान वयाची झाली असती, तर ती ऐकवली नसती.

दुसरी खुबी म्हणजे, हसवून झाल्यावर देवल शारदेला एकटी सोडतात, आणि तिची भीती तिच्याच गाण्यातून समोर येते. आत्ता हसलेला प्रेक्षक गप्प होतो, आणि आपण कशाला हसलो ते त्याला त्या शांततेत कळतं.

एक गोड गैरसमज इथेच दूर करू. बालविवाहाला बंदी घालणारा १९२९चा कायदा आपल्याकडे 'शारदा कायदा' म्हणून ओळखला जातो, आणि तो या नाटकावरून पडला असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ते नाव विधेयक मांडणाऱ्या अजमेरच्या हरबिलास सारडा यांचं. त्या कायद्यानं मुलीसाठी १४ आणि मुलासाठी १८ ही किमान वयं ठरवली, पण दोघांच्या वयातल्या अंतराबद्दल तो काहीच बोलला नाही. म्हणजे १४ वर्षं पूर्ण केलेल्या मुलीला भुजंगनाथ या कायद्यानंतरही मागणी घालू शकला असता!

कुंकू : संगीत काढून घेतलं की काय होतं?

तो धागा पुढे नेला १९३७च्या 'कुंकू'नं. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून व्ही. शांतारामांनी प्रभातसाठी हा चित्रपट केला. हिंदीत तो 'दुनिया न माने' या नावानं निघाला आणि व्हेनिसच्या महोत्सवातही दाखवला गेला. शांता आपटेंची नीरा फसवून एका वयस्क विधुर वकिलाशी, काकासाहेबांशी, लग्न लावलेली. ती हे नातं मानायला साफ नकार देते. काकासाहेब झाले होते केशवराव दाते.

यातही सोंग आहेच. तरुण दिसण्यासाठी काकासाहेबांची आरशासमोर जी धडपड चालते, ती बघताना हसू येतं. पण ते हसू घशाशी अडकतं, आणि त्यामागे एक तांत्रिक कारण आहे. शांतारामांनी या चित्रपटात पार्श्वसंगीत जवळजवळ वापरलंच नाही. जे ऐकू येतं ते त्या घरात खरोखर वाजणारं : जुन्या घड्याळाची टिकटिक, भांडी, पावलं, ग्रामोफोन.

पार्श्वसंगीत प्रेक्षकासाठी काय काम करतं? ते लग्नातल्या जाणत्या मामीसारखं असतं. आता हसायचं, आता डोळे पुसायचे, हे ती कोपरानं ढोसून सांगते. मामीच गैरहजर असेल तर पाहुण्यांना कळत नाही, कसं वागावं. 'कुंकू'मध्ये प्रेक्षकाची तीच अवस्था होते. आरशातला म्हातारा हास्यास्पद आहे की दयनीय, हे कुणीच सांगत नाही, आणि घड्याळ मात्र चालू असतं. चूक उमगल्यावर काकासाहेब नीराला मोकळी करण्यासाठी स्वतःचं आयुष्य संपवतात, तेव्हा ज्याला आपण हसलो त्याच्याबद्दल वाईट वाटतं. पण नीरा चुकली असं क्षणभरही वाटत नाही. हा तोल फार कमी जणांना जमला आहे.

हॅरॉल्ड : इथे सोंग पोराचं

आता 'हॅरॉल्ड अँड मॉड'कडे परत येऊ. हा चित्रपट लिहिला कॉलिन हिगिन्सनं, लॉस एंजेलिसमध्ये विद्यार्थी असताना. पोटापाण्यासाठी तो एका निर्मात्याच्या घरचा पोहण्याचा तलाव साफ करायचा. मॉडची भूमिका रूथ गॉर्डननं केली, हॅरॉल्डची बड कॉर्टनं. चित्रीकरणाच्या वेळी ती ७४ वर्षांची होती, तो २२ वर्षांचा.

हॅरॉल्डचा पहिला उद्योग म्हणजे स्वतःच्या मरणाचं नाटक रचणं. सुरुवातीलाच तो तसं एक नाटक वठवतो. आई खोलीत येते, एकवार बघते, फोनवर आपलं बोलणं उरकते आणि आठला जेवण आहे अशी आठवण करून देऊन निघून जाते. आपण दचकतो, आणि आईचा थंडपणा बघून लगेच हसतो. 'चुकलं, पण चालतं' या सूत्राचा हा धडाच आहे. पोरगा मेलेला नाही हे आईला माहीत आहे, म्हणून आपल्यालाही कळतं.

मग आई त्याचं लग्न जमवायला घेते. संगणकावरून स्थळं जुळवणाऱ्या संस्थेचा फॉर्म येतो. ती हॅरॉल्डला प्रश्न वाचून दाखवते आणि उत्तरं स्वतःच भरत सुटते. त्याच्या आवडी, त्याची मतं, सगळं तिच्याच मनाचं. आपल्या वधू-वर सूचक मंडळात 'मुलाच्या अपेक्षा' हा रकाना कुणाच्या हस्ताक्षरात असतो, हे आठवलं की हा प्रसंग हॉलिवूडचा न वाटता घाटकोपरचा वाटू लागतो. आलेल्या मुलींसमोर हॅरॉल्ड पुन्हा मरणाची नाटकं करतो. दोघी पळून जातात. तिसरी मात्र नटी निघते. तिला वाटतं हा अभिनय आहे, आणि ती खुशीनं ज्युलिएट बनून त्यात सामील होते. सोंगाला सोंग भेटलं, की सोंग करणाराच पेचात पडतो.

आता मॉडकडे पाहा. ती जुन्या रेल्वेच्या डब्यात राहते, लोकांच्या गाड्या बिनदिक्कत घेऊन जाते, रस्त्यावरचं कोमेजलेलं झाड उपटून जंगलात लावायला निघते. पण एक गोष्ट ती कधीच करत नाही : आपण तरुण आहोत असं भासवणं. केसांना कलप नाही, लाजणं नाही, वयाबद्दल खुलासा नाही. भुजंगनाथाचं हास्यास्पद होणं ज्या एका गोष्टीमुळे होतं, तीच तिच्यात नाही. म्हणून इथे 'रसाभास' होत नाही, खरा रस उतरतो. या जोडीत सोंग करतो तो पोरगा, आणि ऐंशीची बाई ते सोंग हळूहळू उतरवते.

तिच्या या मोकळेपणाचं मूळ चित्रपटात क्षणभरच दिसतं. हॅरॉल्ड तिचा हात हातात घेतो, आणि दंडाखाली गोंदलेला एक आकडा पडद्यावर झळकून जातो. नाझी छळछावणीतल्या कैद्याचा क्रमांक. संवाद नाही, संगीताचा ठोका नाही. ज्यानं लक्षपूर्वक पाहिलं त्याला कळतं की मरण ही हॅरॉल्डसाठी खेळण्याची वस्तू आहे, आणि मॉडनं ते जवळून पाहिलेलं आहे. सगळ्या चित्रपटाचं वजन त्या एका झलकेवर तोललेलं आहे.

ऐंशीव्या वाढदिवशी मॉड आधीच ठरवल्याप्रमाणे जग सोडते. या वेळी मरण खरं असतं, आणि हॅरॉल्ड ओरडतो, धावतो, रडतो. त्यानं आजवर केलेल्या सगळ्या नाटकांत हे कधीच नव्हतं. शेवटी त्याची शववाहिनीसारखी सजवलेली जॅग्वार गाडी कड्यावरून खाली कोसळते. आपल्याला वाटतं, संपलं. मग कॅमेरा वर जातो. हॅरॉल्ड कड्यावर उभा असतो, बँजो वाजवत. त्यानं खाली फेकलं ते आपलं सोंग.

पहिल्यांदा प्रदर्शित झाला तेव्हा हा चित्रपट साफ पडला. पण मिनेसोटा राज्यातल्या एडिना गावच्या एका चित्रपटगृहात तो दोन वर्षांहून अधिक काळ चालला. आता दुसरा चित्रपट लावा म्हणून तिथल्या कंटाळलेल्या रहिवाशांनी फलक घेऊन निदर्शनं केली. १९९७ साली अमेरिकेनं जपून ठेवण्याजोग्या चित्रपटांच्या राष्ट्रीय यादीत त्याचा समावेश केला.

चुकलेला डबा

विशीतला आणि ऐंशीची भेटणार तरी कुठे? हा साधा प्रश्न अशा गोष्टी लिहिणाऱ्याला सर्वांत जास्त छळतो. कारण आपला समाज माणसांची वयानुसार वर्गवारी करतो, अगदी डबेवाले डब्यांची करतात तशी. उपनगरातल्या घरून सकाळी उचललेला डबा स्टेशनवर येतो, झाकणावरचे रंग आणि अक्षरं बघून वेगळा लावला जातो, गाडीत चढतो, उतरल्यावर पुन्हा वेगळा होतो आणि जेवणाच्या सुटीपर्यंत नेमक्या टेबलावर पोचतो. माणसांचंही तसंच. विशीतले कॉलेजच्या कट्ट्यावर, तिशीतले पाळणाघराच्या दारात, सत्तरीतले नाना-नानी पार्कच्या बाकावर. प्रत्येकाच्या झाकणावर खूण आहे. वेगवेगळ्या वयाचे डबे एकत्र येतात ते दोनच ठिकाणी : गच्च भरलेल्या लोकलमध्ये आणि स्मशानात. हॅरॉल्ड आणि मॉडची भेट अंत्यविधीत घडवण्यामागे हे तर्कशास्त्र आहे.

रितेश बत्रा यांच्या 'द लंचबॉक्स'मध्ये (२०१३) डबाच चुकतो. वांद्र्याच्या जुन्या वस्तीत राहणारे, निवृत्तीला आलेले विधुर साजन फर्नांडिस, आणि नवऱ्याचं लक्ष परत मिळवायला जीव ओतून स्वयंपाक करणारी तरुण गृहिणी इला. तिचा डबा नवऱ्याऐवजी साजनच्या टेबलावर जातो, आणि डब्यातून चिठ्ठ्यांची देवाणघेवाण सुरू होते. इरफान खान आणि निम्रत कौर यांच्या या चित्रपटाला कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात प्रेक्षक पसंतीचा पुरस्कार मिळाला होता.

याला कुणी ब्लॅक कॉमेडी म्हणणार नाही, पण त्यातला काळा विनोद अस्सल मुंबईचा आहे. इलाच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या देशपांडे काकू आपल्याला कधी दिसत नाहीत. भारती आचरेकरांचा आवाज आणि खिडकीतून सोडलेली टोपली एवढंच त्यांचं अस्तित्व. त्यांचे यजमान वर्षानुवर्षं बेशुद्धीत, डोळे छताच्या पंख्यावर खिळलेले. पंखा थांबला की त्यांचं काही खरं नाही अशी काकूंची पक्की समजूत, म्हणून त्या फिरता पंखाच पुसतात. आपण हसतो, आणि हसता हसता त्या बाईच्या किती वर्षांचा हिशेब त्या पंख्यात अडकलाय ते कळतं.

साजनचा एक किस्सा याहून काळा आहे. दफनासाठी जागा घ्यायला गेलेल्या त्याला उभी जागा देऊ केली जाते. जन्मभर गाडीत उभ्यानं प्रवास केला, आता मेल्यावरही उभंच राहायचं, असं तो इलाला लिहितो. मीटरभर जागेसाठी जन्म घालवलेल्या विरार लोकलच्या प्रवाशाला हा विनोद समजावून सांगावा लागत नाही.

आणि सोंगाचं काय? साजन एका सकाळी न्हाणीघरात शिरतो आणि त्याला तिथे आपल्या आजोबांचा वास येतो. मग लक्षात येतं की आजोबा कुठे आलेले नाहीत, हा वास आपलाच आहे. लोकलमध्ये एक मुलगा उठून त्याला बसायला जागा देतो, तेव्हा उरलासुरला भ्रमही जातो. तो इलाला भेटायला जातो, दुरून बघतो आणि न भेटता परततो. काकासाहेब आरशासमोर तरुण व्हायला धडपडले, साजननं तोच आरसा बघून माघार घेतली. म्हणून साजनला आपण हसत नाही, त्याच्याबरोबर हसतो.

मरण : पळवाट की पाया?

अशा गोष्टींत एक गंमत ध्यानात येते. लेखकाला जोडी जमवता येते, पण नांदवता येत नाही. मग कुणीतरी मरतं. 'कुंकू'त काकासाहेब. 'दिल चाहता है'मध्ये (२००१) सिद्धार्थ वयानं मोठ्या, घटस्फोटित ताराच्या प्रेमात पडतो. त्यावर मित्रानं केलेली थट्टा त्याला इतकी लागते की तो मित्राला थप्पड मारतो. पण शेवटी ताराही आजारानं जाते. बाई मोठी असली तर हे आणखी ठरलेलं. कारण नवरा थोरला ही चाल घरातल्या सत्तेशी बांधलेली आहे. ती उलटली की आधी हसू येतं, मग अडचण होते, आणि अडचण मिटवायला लेखक डॉक्टरांना बोलावतो.

म्हातारा असो वा म्हातारी, शेवटच्या दहा मिनिटांत मारून टाकणं ही पळवाट आहे. 'हॅरॉल्ड अँड मॉड' वेगळा ठरतो, कारण त्यात मरण पहिल्या चौकटीपासून आहे. ते गोष्टीचा पाया आहे, शेवटी कोंबलेला बोळा नाही. 'द लंचबॉक्स'नं तर कुणालाच मारलं नाही. ते दोघं भेटले की नाही हे न सांगता, डबेवाल्यांबरोबर गाडीत बसलेल्या साजनवर तो थांबतो.

छोट्या पडद्यानं तिसरी वाट शोधली. झी मराठीच्या 'तुला पाहते रे'मध्ये (२०१८-१९) चाळिशीचा उद्योगपती आणि विशीतली मुलगी यांच्या प्रेमावर घराघरांत खल झाला. पुढे कथेनं नायकालाच कपटी ठरवलं. तिथेही प्रेक्षक दुखावला तो वयानं नाही. इतके दिवस ज्यावर जीव लावला ते सोंग निघालं, याचं त्याला वाईट वाटलं.

थोडक्यात

• काळ्या विनोदाला दोन गोष्टी एकदम लागतात : रीत मोडणं आणि धोका नसल्याची खात्री. एक कमी पडली की हसू जातं.

• शृंगार खोट्या वेशात आला की हास्य होतं, हे नाट्यशास्त्रातलं निरीक्षण विजोड प्रेमाच्या सगळ्या गोष्टींना लागू पडतं.

• 'शारदा' आणि 'कुंकू'त तरुणपणाचं सोंग म्हातारा करतो. 'हॅरॉल्ड अँड मॉड'मध्ये मरणाचं सोंग तरुण करतो, आणि म्हातारी ते उतरवते.

• हसू दुबळ्याकडून सबळाकडे गेलं तर ते विनोद ठरतं, उलट दिशेनं गेलं तर छळ.

• संगीत प्रेक्षकाला काय वाटायला हवं ते सांगतं. ते काढून घेतलं की निवाडा त्याच्यावर येतो.

बघताना एवढं करा

हे चित्रपट पुन्हा पाहणार असाल, तर ज्या क्षणी हसू येईल तिथे थांबवा आणि स्वतःला दोन प्रश्न विचारा. इथे कोण काय भासवतंय? आणि त्याची किंमत कोण मोजतंय? किंमत दुसऱ्या कुणाला मोजावी लागत असेल, तर त्या हसण्याला देवलांच्या मुलींची धार हवी. किंमत भासवणाराच मोजत असेल, तर थोडी माया हवी. आणि पडद्यावरच्या माणसानं काहीच भासवलेलं नसेल, तरीही आपण हसलो असू, तर सोंग आपल्याकडे आहे असं समजावं.